आजार छातीचा, मग इंजेक्शन पोटात का?

फ्लूने किंवा तशाच एखाद्या विषाणूने फुप्फुसं धरली, दम लागला, म्हणून माणूस रुग्णालयात दाखल होतो. ऑक्सिजन सुरू होतो, सलाइन लागतं. संध्याकाळी नर्स येते आणि बेंबीच्या बाजूला, पोटाच्या कातडीखाली, एक बारीकसं इंजेक्शन देऊन जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पोटावर दोन-तीन निळसर डाग दिसतात आणि शेजारी बसलेल्या नातेवाइकाला राहवत नाही. "आजार छातीचा आहे ना? मग पोटात रोज काय टोचताय?" उत्तर मिळतं, "रक्त पातळ राहावं म्हणून."

उत्तर चुकीचं नाही, पण त्याने कुणाचं समाधानही होत नाही. विषाणू शिरला श्वासनलिकेत, त्यात रक्ताचा काय संबंध? आणि रक्त खरंच पातळ होतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते छोटं आहे. नाही होत. या औषधांनी रक्ताचा दाटपणा बदलत नाही. रक्त गोठण्याच्या अनेक पायऱ्या असतात, त्यांतल्या एक-दोन पायऱ्या औषध अडवून धरतं, एवढंच. पण 'रक्त पातळ करायचं औषध' हे नाव सगळ्यांच्या तोंडी बसलेलं आहे, त्यामुळे मीही तेच वापरणार आहे.

पहिल्या प्रश्नाला मात्र जरा वेळ द्यावा लागेल. त्यासाठी थेट समुद्रकिनाऱ्यावर जाऊ.

घोड्याच्या नालेसारखी पाठ असलेला हॉर्सशू क्रॅब हा अतिप्राचीन जीव. त्याच्या रक्तात मुख्यतः एकाच जातीच्या पेशी असतात. जखम बुजवायची तरी त्याच, जंतूंशी लढायचं तरी त्याच. जीवाणूंच्या विषाचा अंश जरी लागला, तरी त्याचं रक्त त्या जागी घट्ट होतं आणि जंतू आतल्या आत अडकतो. हा गुण इतका भरवशाचा आहे की इंजेक्शनची औषधं जंतूंच्या विषापासून मुक्त आहेत की नाहीत, हे तपासायला त्याच्या रक्तातला अर्क अनेक वर्षं वापरला गेला. म्हणजे या प्राण्यात रक्त गोठणं आणि जंतूंशी लढणं ही दोन कामं नाहीतच, ते एकच काम आहे.

आपल्या शरीरात या कामाची वाटणी झाली. लढायला पांढऱ्या पेशी, गोठवायला प्लेटलेट आणि गोठण्याची प्रथिनं. पण घर वेगळं झालं तरी नातं तुटलं नाही. २००४ साली बर्लिनमधल्या संशोधकांनी दाखवलं की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वेळ आली की स्वतःच्या पोटातला डीएनए बाहेर फेकतात आणि त्याचं जाळं पसरून जंतू पकडतात. जाळं जंतूंसाठी टाकलेलं असलं तरी रक्तवाहिनीत टाकलं, की त्यात प्लेटलेट अडकतात, गोठण्याची प्रथिनं चिकटतात आणि त्या जाळ्याभोवतीच गुठळी धरू लागते. हा प्रकार वारंवार दिसल्यावर त्याला 'इम्युनोथ्रॉम्बोसिस' असं नाव मिळालं. रोगप्रतिकारातून घडणारं गोठणं, असा त्याचा सरळ अर्थ.

तेव्हा संसर्ग झालेल्या जागी बारीक रक्तवाहिन्यांत थोडं रक्त गोठणं हा बिघाड नाही. शरीराने केलेली ती नाकेबंदी आहे. बिघाड होतो तो नाकेबंदी गल्लीपुरती न राहता अख्ख्या गावात पसरते तेव्हा. पुढचं सगळं, औषध किती द्यायचं, कधी द्यायचं, हा घोळसुद्धा, या एका गोष्टीतून निघतो.

तीन कारणं, तिन्ही एकाच खाटेवर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रुडॉल्फ विर्खो नावाच्या जर्मन डॉक्टरने दाखवून दिलं, की मृतांच्या फुप्फुसांत सापडणाऱ्या मोठ्या गुठळ्या बऱ्याचदा तिथे तयारच झालेल्या नसतात. त्या पायांच्या शिरांत बनतात, सुटतात आणि रक्ताबरोबर वाहत जाऊन फुप्फुसात अडकतात. (वैद्यकीय महाविद्यालयांत त्याचं नाव सर्रास 'विर्चो' असं घेतलं जातं.) गुठळी का होते, याची तीन कारणं आजही त्याच्या नावाने शिकवली जातात: प्रवाह मंदावणं, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणं आणि रक्तच गोठायला उतावीळ होणं. ही तिघांची मोट पुढच्या पिढ्यांनी बांधली, पण श्रेय त्याच्याकडे राहिलं. १३ ऑक्टोबर, त्याचा जन्मदिवस, जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळतात.

गुठळी व्हायला यातलं एक कारणही पुरतं. विषाणूने आजारी पडून दाखल झालेल्या माणसात तिन्ही एकदम हजर असतात.

प्रवाहाचं बघू. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढायला हवं, पण त्याला ढकलायला हृदयाचा जोर पुरत नाही. ते काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना स्नायू आवळतो, शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं आणि शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. पोटरीला 'दुसरं हृदय' म्हणतात ते यासाठी. आता ऑक्सिजनचा मास्क लावून दिवसभर पडून असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. संडासला जाऊन आलं तरी धाप लागते, म्हणून तो हलतच नाही. व्हेंटिलेटरवर असेल तर गुंगीच्या औषधांनी स्नायू पार सैल पडलेले. त्यात तापाने घाम जातो, पाणी पोटात जात नाही, रक्त थोडं आळतं. झडपांच्या मागच्या कोपऱ्यांत रक्त जवळजवळ साचून राहतं आणि गुठळीची पहिली मुळी बहुतेक तिथेच रुजते.

अस्तराची गोष्ट याहून रोचक आहे. रक्तवाहिनीच्या आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. तो नुसता गुळगुळीत रंग दिल्यासारखा नाही. तो सतत अशी द्रव्यं सोडत असतो, ज्यांच्यामुळे प्लेटलेट चिकटत नाहीत आणि गोठणं सुरू होत नाही. निरोगी अस्तर म्हणजे चोवीस तास ड्यूटीवर असलेला रखवालदार. फुप्फुसात हवेचा वायुकोश आणि त्याला वेढणारी केशवाहिनी यांच्यामधली भिंत एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असते. ऑक्सिजनला झटकन पलीकडे जाता यावं म्हणून ती तशी आहे, पण आग लागली की शेजारच्या घराला झळ लगेच बसते ती त्याच कारणाने. वायुकोशात विषाणूने धुमाकूळ घातला की पलीकडचं अस्तर सुजतं, फाटतं, आणि रखवालदारच उलटतो. जी पेशी कालपर्यंत रक्ताला 'गोठू नको' सांगत होती, तीच आता प्लेटलेटना चिकटायला जागा देते.

२०२० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये शवविच्छेदनांचा एक अभ्यास आला. कोविडने मृत्यू झालेल्या ७ जणांची फुप्फुसं आणि इन्फ्लुएन्झाने फुप्फुसं निकामी होऊन मृत्यू झालेल्या ७ जणांची फुप्फुसं त्यात शेजारी ठेवून पाहिली होती. केशवाहिन्यांतल्या सूक्ष्म गुठळ्या कोविडच्या फुप्फुसांत ९ पट जास्त होत्या. संख्या लहान, पण चित्र बोलकं. या ९ पटीमुळे एक गैरसमजही पसरला, की गुठळ्या हा फक्त कोविडचा प्रकार. तसं नाही. इन्फ्लुएन्झाच्या फुप्फुसांतही त्या होत्याच, फक्त कमी होत्या.

राहिलं रक्त. शरीरात मोठा दाह सुरू झाला की यकृत युद्धपातळीवर काही प्रथिनं बनवू लागतं. त्यातलं एक फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचा कच्चा माल. गोठण्याचा आठवा घटक वाढतो, प्लेटलेटना चिकटवणारं प्रथिनही वाढतं, आणि गोठणं आवरणारे नैसर्गिक ब्रेक मात्र झिजतात. गाडी उतारावर आणि ब्रेक ढिले.

कुठे अडकते, त्यावर सगळं

पोटरीतल्या शिरेत गुठळी बसून राहिली तर पाय सुजतो, दुखतो. सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली तर जिवावर बेतू शकतं, कारण हृदयाच्या उजव्या बाजूला बंद दारावर धडका माराव्या लागतात. कोविडमध्ये डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसली. बऱ्याच रुग्णांच्या फुप्फुसांत गुठळ्या सापडायच्या, पण सोनोग्राफीत पायाच्या शिरा स्वच्छ. यावरून असा निष्कर्ष निघाला की यांतल्या बऱ्याच गुठळ्या वाहत आलेल्या नसून फुप्फुसातच जागच्या जागी बनलेल्या असाव्यात. मघाचं पातळ भिंतीचं प्रकरण लक्षात घेतलं तर ते पटतंही.

धमन्याही यातून सुटत नाहीत. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१८ साली दाखवलं गेलं, की तपासणीत इन्फ्लुएन्झा सिद्ध झाल्यापासून पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण त्याच लोकांच्या एरवीच्या काळापेक्षा सुमारे ६ पट होतं. 'साधा फ्लू' म्हणताना हा आकडा मला नेहमी आठवतो.

धोका किती, याचं एकच उत्तर नाही. २०२० च्या वसंतात नेदरलँड्समधल्या तीन रुग्णालयांच्या आयसीयूतल्या १८४ कोविड रुग्णांचा अहवाल आला, त्यात ३१ टक्के रुग्णांना गुठळीचा त्रास झालेला होता, आणि तोही प्रत्येकाला गुठळी टाळायचं औषध सुरू असताना. जगभरातले डॉक्टर खडबडून जागे झाले ते अशाच आकड्यांनी. पण हे आयसीयूतले रुग्ण होते, साथीच्या पहिल्या लाटेतले. साध्या वॉर्डातल्या रुग्णांत प्रमाण त्याहून बरंच कमी असतं. वय जास्त, वजन जास्त, कर्करोग, गरोदरपण किंवा नुकतंच झालेलं बाळंतपण, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, मोठ्या शिरेत घातलेली नळी, आणि सगळ्यात वजनदार म्हणजे आधी कधीतरी झालेली गुठळी, यांनी पारडं झुकतं. ही शेवटची माहिती दाखल होताना आपणहून सांगावी. पंधरा वर्षांपूर्वी पाय सुजला होता, हे न्यूमोनियाच्या गडबडीत कुणी विचारेलच असं नाही.

पोटातलं ते इंजेक्शन

ते असतं हेपॅरिनच्या कुळातलं. १९१६ साली अमेरिकेत जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणाऱ्या पदार्थाच्या शोधात होता, आणि हाती लागला नेमका उलटा, गोठणं थांबवणारा. सुरुवातीचा अर्क यकृतातून काढलेला, म्हणून ग्रीक भाषेतल्या यकृताच्या नावावरून पुढे हेपॅरिन हे नाव पडलं. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून मिळवतात. पोटाच्या कातडीखाली चरबी असते, तिथून औषध सावकाश शोषलं जातं, म्हणून ती जागा. टोचल्यावर चोळलं नाही तर डाग कमी पडतात.

कोविडच्या आधीपासून ही पद्धत आहे. अचानक आजारी पडून दाखल झालेल्या हजाराहून जास्त रुग्णांवरचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनच्याच कुळातलं औषध) ४० मिलिग्रॅम रोज मिळालेल्यांत १४ दिवसांपर्यंत गुठळ्यांचं प्रमाण ५.५ टक्के, नुसतं पाणीवजा इंजेक्शन मिळालेल्यांत १४.९ टक्के. यातल्या पुष्कळ गुठळ्या मुद्दाम तपासणी करून शोधलेल्या होत्या, रुग्णाला त्यांचा पत्ताही नव्हता, हे ध्यानात घेतलं तरी फरक मोठा आहे.

मग कोविडमध्ये साहजिकच विचार आला, की टाळायच्या छोट्या मात्रेऐवजी गुठळी झाल्यावर देतात ती पूर्ण मात्रा सगळ्यांनाच का देऊ नये? अनेक देशांतल्या तीन अभ्यासगटांनी मिळून हे तपासलं आणि २०२१ साली निकाल आले. मला हा निकाल या विषयातला सगळ्यात शिकवणारा वाटतो. आयसीयूची गरज न लागलेल्या २,२१९ रुग्णांत पूर्ण मात्रेचा फायदा झाला: व्हेंटिलेटरसारख्या आधाराशिवाय जिवंत घरी जाणाऱ्यांचं प्रमाण ७६.४ वरून ८०.२ टक्क्यांवर गेलं. मोठा रक्तस्राव ०.९ वरून १.९ टक्क्यांवर गेला. पण आधीच अत्यवस्थ असलेल्या रुग्णांत तीच पूर्ण मात्रा उपयोगाची ठरली नाही. रुग्णालयातून जिवंत बाहेर पडणारे ६२.७ टक्के, आणि नेहमीच्या मात्रेवर ६४.५ टक्के. वर रक्तस्राव जास्तच.

औषध तेच, आजार तोच, आणि तरी उलट निकाल. आजार जितका गंभीर तितकं औषध जास्त, असा आपला साधा हिशेब असतो, तो इथे साफ चुकला. याचं एक स्पष्टीकरण मघाच्या नाकेबंदीतून मिळतं. सुरुवातीला गोठणं आणि दाह एकमेकांना चिथवत असतात, तेव्हा मध्ये पडलं तर भांडण मिटू शकतं. नंतर फुप्फुसाचं नुकसान होऊन गेलेलं असतं, गुठळी ही त्या नुकसानीतली एक बाब उरते, आणि अस्तर फाटलेलं असल्यामुळे रक्त बाहेर झिरपण्याची भीती मात्र वाढलेली असते. हे कोविडचे आकडे आहेत. ते जसेच्या तसे उचलून इन्फ्लुएन्झाच्या रुग्णाला पूर्ण मात्रा सुरू करणं बरोबर नाही. तिथे जोखीम पाहून टाळायची मात्रा, हाच रिवाज.

अ‍ॅस्पिरिनचंही असंच झालं. स्वस्त, ओळखीची गोळी, तेव्हा अनेकांनी आपल्या मनानेच सुरू केली होती. रिकव्हरी या ब्रिटनमधून चाललेल्या अभ्यासात जवळजवळ १५,००० दाखल रुग्णांवर ती तपासली गेली. २८ दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत १७ टक्के. काडीचा फरक नाही. (हृदयासाठी आधीपासून अ‍ॅस्पिरिन चालू असलेल्यांनी हे वाचून ती बंद करू नये, तो विषय वेगळा आहे.)

हेपॅरिनचीही एक विचित्र खोड आहे. क्वचित एखाद्या रुग्णात ते प्लेटलेट घटवतं आणि वर गुठळ्याही करतं. म्हणून इंजेक्शन चालू असताना मधूनमधून प्लेटलेट मोजतात. किडनी कमजोर असेल तर मात्रा बदलते, आणि रक्तस्राव चालू असेल तर औषधाऐवजी पायांवर हवेने फुगणाऱ्या पट्ट्या बांधून पोटरीचं काम यंत्राकडून करून घेतात.

डी-डायमरचा बागुलबुवा

गुठळी विरघळताना फायब्रिनचे, म्हणजे गुठळी बांधून ठेवणाऱ्या धाग्यांचे, जे तुकडे पडतात, त्यांचं मोजमाप म्हणजे डी-डायमर. आकडा कमी असेल तर मोठी गुठळी नसण्याची शक्यता बळकट होते. इथवर ही तपासणी उत्तम. पण आकडा जास्त असणं म्हणजे गुठळी आहे असं नाही. वय, गरोदरपण, शस्त्रक्रिया, कर्करोग, कुठलाही जोरदार संसर्ग, सगळ्यांनी तो वाढतो. धुरावरून घराला आग लागली असं ठरवण्यासारखं आहे ते. शिवाय प्रयोगशाळा दोन वेगवेगळ्या एककांत आकडा देतात, एफईयू आणि डीडीयू, आणि पहिल्यातला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो. काल एका ठिकाणी २५०, आज दुसरीकडे ५००, म्हणून घाबरण्याआधी आकड्याशेजारचं एकक वाचावं. बरं वाटत असलेल्या माणसाने घरी बसून दर दोन दिवसांनी डी-डायमर करून घेण्यात मला तरी काही हशील दिसत नाही.

खरी पंचाईत लक्षणांची आहे. धाप, छातीत दुखणं, खोकला ही फुप्फुसातल्या गुठळीची लक्षणं, आणि ही मूळ आजाराचीही. म्हणून डॉक्टर बघतात तो बदल. काल माणूस सुधारत होता, एक्स-रे बरा होता, आणि आज अचानक ऑक्सिजन जास्त लागतोय. श्वास आत घेताना एका जागी कळ येते. नाडी विनाकारण धावतेय. थुंकीत रक्त, किंवा उठून उभं राहताच भोवळ. पायाचं लक्षण त्यामानाने सोपं: सूज एकाच पायाला. दोन्ही सुजले तर कारण बहुधा दुसरं असतं. त्या पायाची सोनोग्राफी दहा-पंधरा मिनिटांची, आणि तिची युक्ती इतकी साधी की गंमत वाटते. वरून दाबल्यावर निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. फुप्फुसासाठी मात्र शिरेतून रंगद्रव्य सोडून सीटी काढावा लागतो. सुजलेला पाय तपासून होईपर्यंत चोळू नये, मालिश करू नये.

खाटेवर पडून असलेल्याला करण्यासारखं थोडंच आहे, पण आहे: पावलं वर-खाली हलवत राहणं, डॉक्टरांनी परवानगी दिली की खुर्चीत बसणं, मग चार पावलं चालणं. यांनी इंजेक्शनची गरज संपत नाही, पण पोटरी कामाला लागते.

डिस्चार्ज मिळाला की प्रकरण संपलं असं नातेवाइकांना वाटतं, रुग्णालाही. स्वीडनमध्ये कोविड झालेल्या दहा लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा पायातल्या गुठळीचा धोका ३ महिने आणि फुप्फुसातल्या गुठळीचा ६ महिने वाढलेला आढळला. सुरुवातीला सर्वाधिक, मग उतरत जाणारा, आणि गंभीर आजारी पडलेल्यांत जास्त. त्याच नोंदींत रक्तस्रावाचा धोकाही २ महिने वाढलेला होता, त्यामुळे सरसकट सगळ्यांना घरी रक्त पातळ करायची गोळी देणं हाही उपाय नाही. ब्राझीलमधल्या अभ्यासात फक्त जास्त जोखमीचे ३२० रुग्ण निवडून अर्ध्यांना रिव्हरॉक्सॅबन १० मिलिग्रॅम ३५ दिवस दिलं. गुठळीशी संबंधित घटना ९ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आल्या. निवडलेल्यांत. गोळी आपल्याला लागणार का, किती दिवस, कधी थांबवायची, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्यावं. आणि घरी आल्यावर दीड-दोन महिन्यांनी एक पाय सुजला किंवा अचानक दम लागला, तर ज्या डॉक्टरकडे धावाल तो वेगळा असेल. तपासायला घेताच त्याला पहिल्या वाक्यात सांगायचं, की मध्यंतरी छातीच्या संसर्गासाठी मी इतके दिवस दाखल होतो.